फासे पारधी वस्तीतल्या मुलांचे जातीचे दाखले : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यात गायरानावर फासे पारध्यांची बावीस घरं आहेत. दर रविवारी तिथं बसतो, कागद गोळा करतो. आधार, रेशनकार्ड कसंबसं झालं. दाखल्यावर मात्र गाडं अडलंय.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आता सांगा, ज्यांच्यावर इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, गाव सोडायलाही परवाना घ्यावा लागायचा, त्यांच्याकडे तेव्हाचा कागद कुठून यायचा? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण पोलिसाची गाडी दिसली की म्हाताऱ्या अजूनही पालात शिरतात. शाळेत गेलेली ही पहिलीच पिढी, त्यामुळे शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात (प्रवेशाच्या नोंदवहीत) आजोबांचं नाव सापडणं अशक्यच.

विचारायचंय ते असं. कोतवाल बुकातल्या (गावच्या जुन्या सरकारी वहीतल्या) जन्म-मृत्यू नोंदी कुणी काढल्यात का? अर्ज कसा केला? सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये (या कायद्याखाली लोकांना डांबून ठेवायची ती वसाहत) यातल्या दोन घरांचे पूर्वज होते म्हणतात; तिथल्या नोंदवह्या आता कुठल्या दप्तरात आहेत? कागद नसताना गृहचौकशीवर (घरी येऊन केलेल्या चौकशीवर) दाखला मिळाल्याचा कुणाचा अनुभव असेल तर तो सगळ्यात आधी सांगा. आणि एका मुलीच्या सख्ख्या चुलत्याकडे जातीचं वैधता प्रमाणपत्र (दाखला तपासून खरा ठरल्याचं) आहे, तेवढ्यावर तिचं भागेल ना?

“एजंटाला पैसे द्या” हा सल्ला मिळालाय, तो नको. दहावीची तीन मुलं आहेत, जूनमध्ये प्रवेश.