बोटांना कळलेली गोष्ट: तुमचा असा गेम कोणता?

गेममधली गोष्ट म्हटलं की बोलणं कटसीनवर, म्हणजे खेळ थांबवून नुसत्या बघायच्या दृश्यांवर, जातं. मला मात्र १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो. आरशातून उडी मारली की आपलीच सावली दुसऱ्या बाजूने पळून जाते. पुढे ती आपल्या वाट्याचं औषध पिते, ऐन वेळी दार बंद करते आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जीव आपला कमी होतो! तासाभराचं घड्याळ डोक्यावर, मी चिडून वार करतोय आणि मरतोय. एकदा चुकून भलतंच बटण दाबलं गेलं, तलवार म्यानात गेली. सावलीनेही म्यान केली. पुढे चालत गेलो आणि आम्ही एक झालो. स्क्रीनवर एक अक्षर नाही. नंतर वाचलं की ॲपल टू या कॉम्प्युटरवर नव्या शत्रूच्या चित्रांसाठी मेमरीच उरली नव्हती, म्हणून गेमचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रं थोडा फेरफार करून वापरली. सगळ्यात लक्षात राहिलेलं पात्र निव्वळ काटकसरीतून आलं.

खेळता खेळताच कळलेल्या अशा गोष्टींचे तुमचे अनुभव लिहा. 'ग्राफिक्स भारी' एवढ्यावर सोडू नका, आणि रहस्य फुटणार असेल तर आधी बजावा.

*

'डार्क सोल्स', २०११. रहस्य फुटेल. धन्याच्या थडग्यापाशी राखण करणारा लांडगा, सिफ, तोंडात भलीमोठी तलवार. हरत आला की तो लंगडायला लागतो. वार करायला जातो आणि स्वतःच कोलमडतो. मी कंट्रोलर खाली ठेवला होता. पण त्याच्याकडची अंगठी नसेल तर पुढचा रस्ता बंद, त्यामुळे मारावं लागलंच. जिंकल्याचा आनंद शून्य.

एक तक्रार मात्र आहे. बाकीचं कथानक अंगठ्या-चिलखतांच्या वर्णनांत दडवलंय. याला गोष्ट सांगणं म्हणत नाहीत, गृहपाठ देणं म्हणतात.

*

गृहपाठच तर हवा! 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८, कर्ता लुकास पोप) खेळा. जहाजावरची साठ माणसं, आणि कोण कोण होता, कसा मेला हे आपण ठरवायचं. तिघांचं अचूक जुळलं तरच गेम मान्य करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. मी खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे आकडे बघत तासन् तास बसलोय. वही भरली. एक जण तर नुसत्या बुटांवरून सापडला, तेव्हा खुर्चीतून उठून ओरडलो होतो.

*

मी स्वतः फारशी खेळत नाही, मुलीबरोबर बसते. 'अंडरटेल'मध्ये टोरिएल नावाची मायाळू बाई लढाईत आमच्या हातून मेली. मुलगी रडवेली झाली. मीच म्हटलं, अगं, जुनी सेव्ह लोड कर, लढाईच्या आधी परत जा, झालं गेलं विसर. या खेपेला तिला वाचवलं. पुढच्याच दाराशी ते फूल, फ्लावी, म्हणतं की तू तिला मारलं होतंस, मला ठाऊक आहे. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. सल्ला माझा होता ना!

*

इथे सुरुवातीलाच कटसीनला नाक मुरडलंय म्हणून लिहितोय. दमून आल्यावर मला नुसतं बघायला आवडतं, त्यात कमीपणा कसला? 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये (रहस्य!) सुरुवातीला एका आजारी माणसाकडून उसने पैसे वसूल करायचे असतात. मी ते काम घाईत उरकलं. पुढे कितीतरी तासांनी आर्थर, म्हणजे आपण खेळतो तो नायक, खोकायला लागला, डॉक्टरने क्षय सांगितला आणि मग कुठे त्या आजारी माणसाचं घर आठवलं. मात्र प्रत्येक ड्रॉवर सावकाश उघडायला लावणाऱ्या डिझाइनला माझा नमस्कार. लांबूनच.

*

पात्रांसाठी संवाद लागतात असं वाटणाऱ्यांनी १९८०च्या 'पॅक-मॅन'ची भुतं बघावीत. लाल थेट मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवायला बघतं, केशरी जवळ आलं की घाबरल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे वळतं. आम्ही त्याला भित्र्या म्हणायचो.

*

'जर्नी', २०१२. अनोळखी खेळाडू सोबतीला येतो, बोलायची सोय नाही, फक्त एक सूर काढता येतो. बर्फात वारा मागे ढकलत होता. तो दोनदा माझ्यापुढे गेला आणि दोन्ही वेळा परत आला. मी सूर काढला की तोही काढायचा. हळूहळू दोघांचे सूर बारीक होत गेले.

शेवटी वाटेत भेटलेल्यांची नावं येतात. त्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. मी ते कागदावर उतरवून घेतलं. निरोप पाठवायला बसले, 'धन्यवाद' लिहिलं, खोडलं. काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.