मदत हवी आहे : रोज अंगावर बाळगण्यासाठी कोणते .३२ रिव्हॉल्वर निवडावे?

नमस्कार.

नौपाड्यात माझे सोन्याचांदीचे लहानसे दुकान आहे आणि मी राहतो घोडबंदर रस्त्यावर. कारागिरांकडून आलेला माल आणि दिवसाची रोकड घेऊन रात्री उशिरा परतणे हा धंद्याचाच भाग असल्यामुळे मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता. पोलीस चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण हे सारे सोपस्कार पार पडून ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून परवाना मिळाला आहे. आता दिलेल्या मुदतीत शस्त्र विकत घ्यायचे आहे. त्याआधी, ज्यांनी असे शस्त्र अनेक वर्षे कमरेला वागवले आहे त्यांची पसंती कोणती आणि ती कोणत्या कारणांनी बनली, हे जाणून घ्यायचे आहे. शस्त्र बाळगावे की बाळगू नये हा वाद कृपया येथे नको. तो आमच्या घरी पुरेसा झालेला आहे.

परदेशी चर्चा मी बऱ्याच वाचल्या, पण त्या बहुतेक नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांभोवती फिरतात. आपल्याकडे नऊ मिलिमीटर आणि .३८ हे बोअर (नळीचा आतील व्यास) प्रतिबंधित वर्गात मोडत असल्यामुळे सामान्य परवानाधारकाला व्यवहारात .३२ चे रिव्हॉल्वर किंवा .३२ चे पिस्तूल एवढीच निवड उरते. खासगी आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने वॉल्थर किंवा स्मिथ अँड वेसन अशी जुनी परदेशी शस्त्रे हातोहात फिरतात, परंतु त्यांच्या किमती ऐकून मी तो विचार सोडला. दशकानुदशके जुन्या झालेल्या शस्त्राची स्प्रिंग मोडली तर ती आणायची कुठून, हा प्रश्न किमतीहून मोठा वाटतो.

माझा कल रिव्हॉल्वरकडे आहे. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मात्र दुसऱ्या हाताने मागे खेचून ते काडतूस बाहेर काढावे लागते. माझ्या त्या हातात नेमकी पैशांची पिशवी असणार. शिवाय प्रशिक्षणाच्या वेळी पिस्तुलाची स्लाइड ओढताना मला बरेच बळ लावावे लागले होते.

येथपर्यंत माझा विचार पक्का आहे, अडचण पुढे आहे. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची तीन रिव्हॉल्वर माझ्या विचारात आहेत : जुन्या धर्तीचे, मधोमध मोडून उघडणारे .३२, २०१४ साली आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’, आणि २०२३ साली बाजारात आलेले, सिलिंडर (काडतुसे भरायचा फिरता भाग) बाजूला उघडणारे, सुमारे ७०० ग्रॅमचे ‘प्रबल’. दिवसभर गादीवर बसून काम करायचे असल्यामुळे हलके शस्त्र मला साहजिकच मोहवते. पण हलके शस्त्र हातात स्थिर राहते का? पन्नाशी ओलांडल्यामुळे नेम धरायची, नळीच्या टोकावरची माशी मला धूसर दिसते, त्याचे काय करावे? आणि ठाण्याच्या पावसाळ्यात, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, कोणते शस्त्र गंजावाचून टिकते? ज्यांनी ही शस्त्रे प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

आपला कल मला पटतो, मात्र वजनाबद्दल माझे मत वेगळे आहे. वाशीच्या बाजार समितीत माझा व्यापार आहे आणि .३२ रिव्हॉल्वर बरीच वर्षे माझ्या कमरेला आहे. वजन टोचते ते बहुधा पट्ट्यामुळे. मऊ, पातळ पट्ट्यावर अर्धा किलोसुद्धा लोंबते, तर रुंद आणि ताठ पट्ट्यावर ७०० ग्रॅमची आठवणही राहत नाही. म्हणून पैसे आधी पट्टा आणि होल्स्टर (शस्त्राचे म्यान) यांवर खर्च करावेत. .३२ च्या रिव्हॉल्वरचा धक्का मुळात सौम्य असतो, त्यामुळे धक्क्यासाठी जड शस्त्राची गरज नाही. गरज असते ती चाप ओढताना. घोडा न चढवता थेट ओढायचा चाप चांगलाच जड असतो, आणि शस्त्र जितके हलके तितकी त्या ओढीत नळी अधिक डळमळते. बोटात ताकद कमी असेल तर हा फरक लक्ष्यावर स्पष्ट दिसतो. मी आपल्या जागी असतो तर ‘प्रबल’ घेतले असते.

तरीही नावावर जाऊ नये. एकाच मॉडेलचे दोन नग हातात वेगळे लागतात, म्हणून दुकानदाराला दोनतीन नग दाखवायला सांगावे. शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घोडा हळूहळू चढवावा आणि प्रत्येक घरावर सिलिंडर पक्के अडकते का, ते पाहावे. मोडून उघडणाऱ्या शस्त्रात बिजागरी आणि वरची कडी हलत असेल, तर तो नग परत द्यावा. माशीवर पांढऱ्या किंवा केशरी रंगाचा ठिपका लावून घेतल्यास चाळिशी लागलेल्या नजरेला बराच आधार मिळतो.

पावसाळ्याचे म्हणाल तर कातडी होल्स्टर ओलावा धरून ठेवते. घरी आल्यावर शस्त्र त्यात कधीही ठेवू नये. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून कुलूपबंद तिजोरीत ठेवावे. तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत मात्र जाता कामा नये. रोज अंगावर वागवलेली, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे अधूनमधून सरावात संपवून नवी भरावीत, कारण फुसक्या काडतुसांत अशी घामेजलेली आणि तेलकट झालेली पुष्कळ असतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याची सूचना आली, तर जमा करण्यापूर्वी नळीला आतून तेल लावावे. ते तेथे आठवडेच्या आठवडे पडून राहते.

दुसरा प्रतिसाद :

वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे लागते, आणि पातळ सुती शर्टाखाली रिव्हॉल्वरच्या सिलिंडरचा फुगवटा लपत नाही. पिस्तूल चपटे असते, म्हणून मी तेच पसंत करतो. अर्थात, स्लाइड ओढणे आपल्याला खरोखर जड जात असेल तर माझा आग्रह नाही.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. शर्ट एक माप सैल शिवून घेता येईल, बोटांची ताकद मात्र विकत मिळत नाही, म्हणून रिव्हॉल्वर कायम ठेवतो आणि दोन्ही नवी मॉडेल एकाच दिवशी हाताळून पाहतो. एक शंका उरते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, हे ठाऊक आहे, तेथे स्वतःचे .३२ नेऊन सराव करण्यासाठी सदस्यत्व लागते का, आणि ठाणे किंवा नवी मुंबईच्या हद्दीत परवानाधारकांसाठी तशी सोय कुठे आहे का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?