गोवा विद्यापीठ: चाळिशी उलटली, आता क्रमवारीमागे धावायचं?

बार्देशकर: १९८५ पासून हे विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन निकाल लावणारं ऑफिस. इतिहास-भाषांचे लाड पुरे. एआय केंद्र काढा, जागतिक क्रमवारीत या, नाहीतर विद्यापीठाचं ताळगावचं पठार आयटी पार्कला द्या.

दोनापावलकर: लाड? १९८५ पूर्वी आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, एम.ए.-एम.एस्सी. म्हणजे मुंबईचंच पणजीतलं केंद्र. खाली झुआरी नदीचं मुख, शेजारी १९६६ पासूनची समुद्रविज्ञान संस्था. सागरशास्त्र इथे वाढवायचं नाही तर काय नागपुरात? आणि ग्रंथालयातल्या इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांच्या संग्रहाचं काय करणार? आयटी पार्कच्या कँटीनमध्ये ठेवणार?

बार्देशकर: स्कॅन करून टाका. सहा महिन्यांचं काम.

कागदकिडा: हे वाचून डोकं फिरलं. स्कॅन म्हणजे झेरॉक्स नव्हे. घट्ट शिवलेला खंड काचेवर दाबला की बांधणी मोडते, वर शिवणीकडचा मजकूर येत नाही तो नाहीच. व्ही आकाराचा आधार आणि वरून कॅमेरा लागतो. पुस्तकाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) चालतं, वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाला ४०० घ्या. जपायची प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, वाचायला पीडीएफ. छापील पोर्तुगीज मशीन बऱ्यापैकी वाचतं. छपाईच्या जुन्या खिळ्यांची मराठी जोडाक्षरं फुटली की मजकुराचा चिवडा. हस्तलिखित मोडीला जाणकार माणूसच हवा. फाइलला अंक-तारखेऐवजी 'आयएमजी ००४१' नाव ठेवलंत तर ती कोणाला सापडणार?

त्याआधी कागद जगायला हवा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर. कुठल्याही ग्रंथालयात दिवसा एसी लावून संध्याकाळी बंद करणं सगळ्यात वाईट. दमट हवा गार कागदावर बसते आणि सकाळी पानं ओलसर. हवेतला दमटपणा शोषणारा डीह्युमिडिफायर हवा तो चोवीस तास. जुन्या लोहयुक्त शाईचं तर विचारूच नका, अक्षराच्या जागीच कागद झडतो.

आंत्रुजी: तुम्ही बसा बुरशी खरवडत. इकडे एक क्रेडिट म्हणजे १५ तास थिअरी किंवा ३० तास प्रात्यक्षिक. ३+१ चा, म्हणजे तीन क्रेडिट थिअरी आणि एक प्रात्यक्षिक असा, पेपर ७५ तासांचा. सत्र १५ आठवड्यांचं, त्यात चवथीची सुट्टी. कापलं काय जातं? प्रात्यक्षिक. जिवाणू वाढवायची प्लेट बहुधा २४ ते ४८ तासांत वाचायची. शुक्रवारी इनक्युबेटरमध्ये ठेवून सोमवारी उघडली की वसाहती एकमेकींत मिसळलेल्या, मोजणार काय कपाळ? हे सुधारा, मग क्रमवारी.

बार्देशकर: बरं, सहा महिने नव्हे, सहा वर्षं घ्या. खूश? पण एआय केंद्र हवंच.

दोनापावलकर: काढा की! मोडी वाचणारं काढा. त्याला शिकवायला आधी माणसांनी वाचून उतरवलेली हजारो पानं लागतील. ती कुठल्या कपाटातून येणार?

बार्देशकर: देव बरें करूं. आता डीह्युमिडिफायरचं वीजबिल कोण भरणार तेवढं सांगा.