शब्दचर्चा: वाइनच्या 'ओकी' वासाला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर
वाइन चाखण्याच्या टिपांचं भाषांतर हातात आहे आणि इंग्रजी 'ओकी' (oaky, म्हणजे ओक झाडाच्या लाकडाचा वास लागलेली) या शब्दापाशी गाडं अडलंय. तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला आधी ओकारी आठवणार. 'किंचित ओकी वाइन' कोण पिईल? त्यातून पुण्यात ओक म्हणजे आडनाव. 'काष्ठगंध' सुचवला एकाने, पण तो उटण्याच्या डबीवर शोभेल. 'लाकडी' म्हणावं तर लाकडी म्हणजे लाकडाचं केलेलं: लाकडी पाट, लाकडी घाणा. काय करू?

ढलपी
माझं बालपण भवानी पेठेत, टिंबर मार्केटला लागून, करवतीच्या आवाजात गेलं. म्हणून सांगते, 'लाकडाचा वास' असा एक वास नसतोच. सागाचा भुसा तेलकट, चामड्यासारखा वास मारतो. देवदाराच्या फळीवर रंधा फिरला की पेन्सिल तासल्यासारखा वास सुटतो. (कॅबर्ने या लाल वाइनच्या टिपांत 'पेन्सिलीचा' वास भेटतो, तो हाच.)

आणि वाइनमध्ये येतो तो कोऱ्या फळीचा वास नव्हेच. ओकच्या फळ्या वाकवून पिंप बांधतात तेव्हा आतून विस्तवावर शेकतात. त्या शेकण्यातून व्हॅनिलाचा आणि धुराचा वास वाढतो. लवंगेचा वास येतो तो युजेनॉल या रसायनामुळे, जे खऱ्या लवंगेतही असतं. दातांच्या डॉक्टरकडचा वास आठवा. अमेरिकन ओक असेल तर खोबरं ठळक लागतं, फ्रेंच असेल तर मसाला पुढे येतो. आता पेला नाकाशी धरून 'लाकूड' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. खोबरं शोधा, लवंग शोधा. नुसता भुसाच आला तर सरळ 'भुशाचा वास' लिहा, ती तक्रार आहे.

शेकल्याच्या वासाला मात्र 'करपट' लिहू नका. बेसन भाजताना वेळेत उतरवलं तर खमंग, विसरलं तर करपट. बहुतेक वेळा तुम्हाला 'खमंग'च हवा असेल.

जुनंबूच
ढलपीताई, तुम्ही जाता जाता 'पिंप' म्हणालात, तोच शब्द धरा की! तो मुळात दारूच्याच घरचा. पोर्तुगीज 'पिपा' म्हणजे वाइनचं लाकडी पीप, त्याचं आपण पिंप केलं. बूचही तिकडूनच आलं. लोणचं मुरतं तशी वाइनही मुरू द्या: 'पिंपात मुरलेली'. फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या प्रांतातलं नेहमीचं पिंप 225 लिटरचं असतं, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या निळ्या पिंपाएवढंच.

कोथरूडकर
तीच तर पंचाईत! निळं पिंप. पुण्यात पिंप म्हटलं की उद्या पाणी नाही, आज भरून ठेवा. त्याआधीच्या पिढीला रॉकेलचं आठवेल.

जुनंबूच
रॉकेलचा वास मुरलेल्या रीसलिंगला (ही पांढरी वाइन) येतोच, आणि दर्दी लोक तो आवडीने हुंगतात. पण 'लाकडी पिंप' म्हटलंत की पाण्याचा प्रश्न मिटला. इथे 'लाकडी' अगदी आपल्या जागी बसतो.

ढलपी
एक राहिलं. कुबट वास आला तरी लोक 'लाकडाचा, लाकडाचा' म्हणून माना डोलावतात. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब निघालंय, पिंपाचा त्यात दोष नाही. बाटली परत करावी. 'कुबट' इतका नेमका शब्द असताना तिथे दुसरा शोधू नये.

कोथरूडकर
मग असं लिहितो: 'लाकडी पिंपात मुरलेली. वासाला सुकं खोबरं, दोन लवंगा आणि मागून जराशी धुरी.' ओक कुठेच आला नाही!

जुनंबूच
छान उतरलंय. फक्त खाली बारीक अक्षरात 'अमेरिकन ओक' टाका. नाहीतर कुणीतरी विचारेलच, खोबरं नेमकं कधी घातलं म्हणून.