शब्दचर्चा: लेग-गार्ड, इंडिया-रबर आणि ‘पेटंट’

शब्दवेल्हाळ:
व्हिक्टोरियन काळातल्या क्रिकेटच्या सामानावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. त्यात १८५० च्या आसपासची एक जाहिरात आहे. लॉर्ड्सच्या रॉबर्ट डार्ककडे मिळणारा माल: लेग-गार्ड, ट्युब्युलर इंडिया-रबर ग्लव्ज, बुटांसाठी स्पाइक्ड सोल, चेंडू. ‘पायरक्षक’, ‘नळीदार भारतीय रबरी हातमोजे’ लिहिलं की शासकीय निविदा वाटते. नुसतं पॅड, ग्लव्ज, स्पाइक्स लिहिलं की कालच्या रणजी सामन्याची बातमी वाटते. शिवाय अशा जाहिरातींत ‘पेटंट’ हा शब्द जागोजागी. मधला मार्ग सुचवा.

तिसरी स्लिप:
सर्वप्रथम ‘भारतीय’ काढा. ते रबर मुळात दक्षिण अमेरिकेचं. युरोपातले लोक अमेरिकेकडच्या मुलखालाही ‘इंडीज’ म्हणत, त्यातलं हे ‘इंडिया’. आणि रबर म्हणजे घासणारं. पेन्सिलीचं लिखाण या चिकाच्या गोळ्याने पुसता येतं हे १७७० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये कळलं, तेव्हा हे नाव पडलं. आपला ‘खोडरबर’ त्यामुळे खोडतोही आणि घासतोही.

‘इंडिया-रबर’ने त्या वेळच्या गिऱ्हाइकाला काय वाटत असेल ते पाहा. कच्चं रबर उन्हात चिकटायचं आणि थंडीत तडकायचं. गंधक घालून तापवून ते टिकाऊ करण्याची कृती थॉमस हॅनकॉकने इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात नोंदवून घेतली. म्हणजे डार्कची जाहिरात आली तेव्हा रबर हा नवलाईचा पदार्थ होता. मधे आपल्याकडे बॅटवर ‘कार्बन’ लिहून आलं की पोरं वळून बघायची, त्यातलाच प्रकार. भाषांतरात ‘रबरी’ पुरे, पण ही नवलाई एखाद्या वाक्यात कुठेतरी यायला हवी.

ग्लव्जची मूळ कल्पना निकोलस फेलिक्सची. बोटांच्या पाठीवर रबराच्या नळ्या शिवायच्या, म्हणून ‘ट्युब्युलर’. गृहस्थ शाळा चालवायचे, खरं आडनाव वॉनोस्ट्रॉक्ट. मास्तर क्रिकेट खेळतात हे पालकांना रुचणार नाही म्हणून टोपणनावाने खेळायचे. ‘नळ्यांचे रबरी ग्लव्ज’ कसं वाटतं?

मोडीवाला:
‘हातमोजे’ला माझाही विरोध. हातमोजे थंडीत घालतात.

‘लेग-गार्ड’ मात्र तसंच राहू द्या, पॅड करू नका. हा माल विकला का जायला लागला ते त्या ‘गार्ड’मध्ये आहे. पूर्वी चेंडू काखेखालून यायचा. १८३५ च्या नियमांनी हात खांद्यापर्यंत नेऊन टाकायला मोकळीक दिली आणि वेग वाढला. खेळपट्ट्या मात्र तशाच ओबडधोबड, कुठे उसळी, कुठे घसरण. १८३६ मध्ये लेस्टरला नॉर्थ विरुद्ध साउथ सामन्यात केंटचा अल्फ्रेड मिन पायांना काहीही न बांधता खेळला आणि नाबाद १२५ करून आला. पाय इतका ठेचला होता की घोडागाडीत बसवता येईना, टपावर झोपवून लंडनला न्यावं लागलं. पाय कापावा लागेल अशी पाळी आली होती. हा मिन म्हणजे साधा माणूस नव्हे, धिप्पाड गडी, त्या पिढीचा दैवतासारखा खेळाडू. त्याची ही गत ऐकल्यावर लेग-गार्ड विकायला फार बोलावं लागलं नसणार. भीती आयती तयार होती.

‘पायरक्षक’ मात्र नको. यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक ही माणसं आहेत. पायरक्षक म्हटलं की पायापाशी कोणीतरी उभं आहे असं वाटतं. ‘पायांचे गार्ड’ म्हणा, आणि ‘पायांचे’ गाळू नका. आपल्या मैदानांवर ‘गार्ड घातलास का?’ असं विचारलं तर पायांची चौकशी कोणी करत नसतं.

शब्दवेल्हाळ:
😄 ‘पायांचे’ राहील. आता ‘पेटंट’. मराठीत तर ‘त्याचं ते पेटंट वाक्य’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे ठरलेलं, नेहमीचं. जाहिरातीत अर्थ बरोबर उलटा, नवं आणि दुसऱ्या कोणाकडे नसलेलं.

कट्टेकरी:
उलटा वाटतो, तसा नाही. ‘दुसऱ्या कोणाचं नाही, त्याचंच’ हा धागा दोन्हीकडे आहे. मराठीने त्यातली मालकी ठेवली, नवेपणा टाकला.

त्या काळात या शब्दाला वजन का होतं, ते पैशातून कळतं. १८५२ च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये पेटंट काढायचं म्हणजे कचेऱ्यांमागून कचेऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी फी, सगळं मिळून शंभर पौंडांच्या वर. लाकूड तासणाऱ्या कारागिराला ते कुठलं झेपायला? त्याच्यासाठी १८४३ पासून स्वस्तातला दुसरा रस्ता होता, उपयोगी वस्तूचा घाट नोंदवण्याचा. संरक्षण ३ वर्षं. म्हणून तेव्हाच्या जाहिरातींत ‘पेटंट’ आणि ‘रजिस्टर्ड’ असे दोन वेगळे शब्द दिसतात. भाषांतरात दोन्हींना ‘नोंदणीकृत’ करू नका, दर्जाचा फरक पुसला जाईल. १८५२ नंतर फी उतरली आणि बॅटच्या मुठीपासून कशालाही पेटंट चिकटायला लागलं. मुठीत वेत घालण्याची युक्ती त्याच सुमाराची, श्रेय नॉटिंगहॅमशायरच्या थॉमस निक्सनला देतात. आणि ‘पेटंट’ छापलं म्हणून माल चांगला असं सरकार कधीच म्हणत नव्हतं. वाचणारा तसं समजायचा, दुकानदार त्याचा गैरसमज दूर करायचा नाही.

तिसरी स्लिप:
‘दुकानदार’वरून आठवलं. डार्कला नुसता दुकानदार म्हणू नका. त्याच घरातल्या जेम्स हेन्री डार्कने १८३५ मध्ये लॉर्ड्सचा भाडेपट्टाच घेतला होता. मैदान घरचं, सामानही घरचं.

दुसरे विकणारे स्वतः खेळाडू. जॉन विस्डेनने १८५० मध्ये लॉर्ड्सवर एका डावात दहाच्या दहा गडी त्रिफळाचीत केले. पाच वर्षांनी फ्रेड लिलीव्हाइटबरोबर लंडनमध्ये दुकान काढलं, ‘क्रिकेट आणि सिगार डेपो’. भागीदारी १८५८ मध्ये मोडली. लिलीव्हाइटचं क्रिकेटपटूंसाठीचं वार्षिक आधीपासून निघत होतंच, विस्डेनने १८६४ मध्ये आपलं काढलं, किंमत १ शिलिंग. पहिल्या अंकात धावसंख्यांबरोबर इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या लढायांच्या तारखा आणि डर्बीचे विजेते घोडेही आहेत. आज त्याला क्रिकेटचं बायबल वगैरे म्हणतात, पण माझ्या मते तो आधी दुकानाचा फलक होता. बॅट तुटली की माणूस तीच चोपडी, आज पिवळी, तेव्हा फिकट, उघडणार आणि पत्ता शोधणार.

मोडीवाला:
‘डेपो’ वाचून एसटी आठवली. ‘वखार’ चालेल का?

तिसरी स्लिप:
वखारीत लाकूड शोभतं, सिगार शोभत नाही. डेपोच राहू दे.

कट्टेकरी:
जरा विषयांतर. ही मंडळी तिकडे रबरी नळ्या विकत होती तेव्हा मुंबईत पारशी पोरं फोर्टातल्या गोऱ्या शिपायांचा खेळ बघून नक्कल करत होती. उंच टोप्या यष्ट्या म्हणून, छत्र्या बॅट म्हणून, आणि चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतलेला लांबट चेंडू. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, १८८६ मध्ये संघ इंग्लंडला गेला. ‘चेंडूफळी’ हा आपला जुना शब्द त्या छत्रीवाल्या खेळाला जास्त शोभतो. लेखात लॉर्ड्सवरच्या खेळाला ‘चेंडूफळी’ म्हणू नका.

शब्दवेल्हाळ:
नाही म्हणणार. मग असं करते: ‘पायांचे गार्ड, नळ्यांचे रबरी ग्लव्ज, बुटांना लावायचे खिळ्यांचे सोल’. ‘पेटंट’ आणि ‘रजिस्टर्ड’ जसेच्या तसे, पहिल्यांदा येतील तिथे अर्धं वाक्य खुलासा. एकच उरलं. फेलिक्सने गोलंदाजीचं यंत्र केलं होतं, ‘कॅटापल्टा’. १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्याची माहिती दिली आहे. ‘गोफण’ लिहू का?

मोडीवाला:
गोफण हाताने गरगर फिरवतात, शेतातली पाखरं उडवायला. हे चौकटीवरचं यंत्र, रोमन सैन्याच्या मारा करणाऱ्या यंत्राचं नाव मास्तरांनी हौसेने दिलेलं. ‘कॅटापल्टा’च ठेवा. लॅटिन झाडल्याशिवाय मास्तर कसले!