पुनर्रचनेत मधल्या फळीतील महिला व्यवस्थापकच अधिक का गळतात?

ऐरोलीकर: आमच्या ऐरोलीच्या कार्यालयात गेल्या वर्षी पुनर्रचना होऊन व्यवस्थापनातील मधली एक अख्खी पायरीच रद्द झाली. निकष सर्वांना सारखे असल्याचे सांगण्यात आले. तरीही मनुष्यबळ, गुणवत्ता आणि प्रशिक्षण या विभागांतील महिला व्यवस्थापक बाहेर पडल्या किंवा खालच्या पदावर गेल्या, तर विक्री आणि प्रकल्प विभागांतील पुरुष बहुतांशी टिकले. यामागे कोणाचा हेतू नसेलही, पण मग हे घडते कसे?

घणसोलीचा रहिवासी: ‘आम्ही पदे रद्द करतो, माणसे नव्हे’ हा युक्तिवाद कागदावर निर्दोष दिसतो. मात्र ज्या पदापुढे थेट महसुलाचा आकडा मांडता येतो तेच आवश्यक ठरते, आणि तशा पदांवर कोण बसणार हे कित्येक वर्षांपूर्वीच्या नेमणुकांनी ठरवलेले असते. लहान मुले असलेल्या बाईंना फिरतीचे काम नको असेल, असे त्यांना न विचारताच गृहीत धरले जाते (तेही भल्या हेतूने, म्हणून कोणी हरकत घेत नाही). पुढे उरलेल्या पदांसाठी सर्वांना नव्याने अर्ज करायला लावून निवड घाईने उरकली, की वरिष्ठांच्या रोजच्या ओळखीतली नावे आधी सुचतात आणि प्रसूती रजेमुळे मागच्या वर्षाचे कामगिरीचे रेटिंग अर्धवट राहिलेली व्यवस्थापक आपोआप मागे पडते.

वागळे इस्टेट: हे सर्वत्र असेच घडते, असे मला वाटत नाही. आमच्याकडे जुनी सेवाज्येष्ठता मोडल्यामुळेच दोन महिला विभागप्रमुख झाल्या. अर्थात, ते दोन्ही विभाग आधीपासून तोट्यात होते.

बेलापूर: कामगारांच्या कपातीत ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हे तत्त्व कायद्यात आहे, पण व्यवस्थापक त्या संरक्षणाबाहेर असल्याने निवड बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर राहते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला आणली. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार नोकरी सोडणाऱ्यांचे आणि पालकत्व रजेनंतर परतणाऱ्यांचे प्रमाण स्त्री-पुरुषनिहाय जाहीर करावे लागते. परंतु त्या आकड्यांत कनिष्ठ कर्मचाऱ्यापासून वरिष्ठ व्यवस्थापकापर्यंत सगळे एकत्र असल्यामुळे मधल्या फळीची गळती त्यात दिसतच नाही. म्हणून पुनर्रचनेआधीची आणि नंतरची श्रेणीनिहाय स्त्री-पुरुष संख्या, तसेच रजेच्या काळातील रेटिंग कसे धरले याचा खुलासा, मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागावा. एकट्याने न मागता चार-पाच जणांच्या सहीने मागितलेला बरा.