मदत हवी आहे: उद्योजक परिषदेत नुसती कार्डं वाटून परत यायचं नाहीये

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांची कास्टिंग मशीनिंग करून देतो, सगळं जॉबवर्क. पुढच्या महिन्यात कोल्हापुरातच लघुउद्योजकांची परिषद आहे, फी भरून टाकलीय.

दीपप्रज्वलन, सत्कार यांत अर्धा दिवस जाणार हे धरूनच चाललोय. मला रस आहे तो चाकणकडच्या कंपन्यांच्या परचेसवाल्यांत. त्यांना जेवणाच्या रांगेत गाठायचं, की आधीच ईमेल टाकून दहा मिनिटं मागायची? ब्रोशर कोण वाचतंय! त्यापेक्षा बेअरिंग हाउसिंगचा एक फिनिश केलेला पीस आणि त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट न्यावा म्हणतो. पण चार किलोचं बीड पिशवीत घेऊन हॉलभर फिरणं बरं दिसेल का?

दुसरं पेमेंटचं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, त्यामुळे लेखी करार असला तरी कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत. हा विषय पहिल्याच भेटीत काढावा, की समोरचा बिचकेल? 'ट्रेड्स'वर (लघुउद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) बिलं टाकून पैसे लवकर उचलणारं इथे कुणी आहे का? आणि भेटीनंतर फोन दुसऱ्याच दिवशी करता, की आठवडाभर थांबता?